शंका-समाधान: पाटी, पहारा आणि परस्पर केलेली दुरुस्ती

या वेळच्या पत्रांत एकच विषय वेगवेगळ्या कपड्यांत आला आहे: फंक्शनला नको ती वस्तू दिली तर प्रोग्रॅमिंगच्या भाषेने काय करावं? म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत. कोड छापायला इथे जागा नाही, जे आहे ते शब्दांतच सांगते.

नमस्कार ताई. मी सोलापुरात एका पतसंस्थेचं काम पायथनमध्ये करते. आवर्त ठेवीचा हप्ता घेऊन वर्षाची रक्कम काढणारं फंक्शन लिहिलं. हप्त्यापुढे कोलन देऊन 'इंट', म्हणजे पूर्णांक, असं लिहिलं होतं. तरी एका खातेदाराच्या उताऱ्यावर छत्तीस आकडी रक्कम छापून आली! 'इंट' लिहिलेलं असताना पायथनने अडवलं का नाही?

तुमचं पत्र वाचताच कळलं की हप्ता ५०० रुपयांचा असणार, किंवा निदान तीन आकडी. फाइलमधून तो स्ट्रिंग म्हणून आला, म्हणजे संख्या नाही, नुसती अक्षरांची माळ. स्ट्रिंगला बाराने गुणलं की पायथन ती बारा वेळा एकापुढे एक लिहितो. तीन गुणिले बारा, छत्तीस. चूक झाली असं पायथनला वाटलंच नाही, कारण त्याच्या दृष्टीने हा वैध गुणाकार आहे.

आता 'इंट'चं. ती 'चपला बाहेर काढा' अशी पाटी आहे. पाटीखाली कोणी उभं नाही. फंक्शन तयार होताना पायथन ती नोंद फंक्शनसोबत जपून ठेवतो आणि फंक्शन चालवताना तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. हे मुद्दाम ठरवलेलं आहे. अशा नोंदींची जागा पायथन ३ मध्ये २००८ साली आली, तेव्हा त्यांचा अर्थ काय हेही ठरवलेलं नव्हतं. ज्याला जे लिहायचं ते त्याने लिहावं. मग २०१४ मध्ये खिदो फान रॉसम, युक्का लेह्तोसालो आणि वुकाश लांगा यांनी 'पेप ४८४' हा प्रस्ताव मांडला. २०१५ च्या पायथन ३.५ मध्ये तो आला आणि त्या नोंदी टाइपसाठी, म्हणजे वस्तूचा प्रकार सांगण्यासाठी, वापरायच्या असं ठरलं. पण त्याच प्रस्तावात स्वच्छ लिहून ठेवलं आहे की पायथन डायनॅमिक, म्हणजे वस्तूचा टाइप प्रोग्रॅम चालतानाच बघणारी, भाषाच राहील आणि टाइप लिहिणं सक्तीचं करण्याची लेखकांची इच्छा नाही, रूढी म्हणूनसुद्धा नाही.

पाटी वाचणारा माणूस वेगळा नेमावा लागतो. एक म्हणजे 'मायपाय'. तो प्रोग्रॅम न चालवता कोड वाचतो आणि विसंगती दाखवतो. तुमचा हप्ता सीएसव्ही फाइलमधून येत असेल तर मायपायने ही चूक पकडली असती, कारण सीएसव्ही वाचणारं मॉड्यूल स्ट्रिंग देतं हे त्याला ठाऊक असतं. मात्र दोन ठिकाणी तो गप्प बसतो. ज्या फंक्शनवर तुम्ही एकही नोंद लिहिली नाही, त्याच्या पोटात तो एरवी डोकावतच नाही. आणि हप्ता जेसन पद्धतीच्या फाइलमधून आला, तर तिथून येणारी वस्तू 'काहीही' असू शकते असं त्याने गृहीत धरलेलं असतं. 'काहीही' कुठेही चालतं.

दुसरा मार्ग प्रोग्रॅम चालू असताना तपासण्याचा. 'टाइपगार्ड' किंवा 'बेअरटाइप' या लायब्ररीचा डेकोरेटर, म्हणजे फंक्शनच्या डोक्यावर लिहायची खूण, फंक्शनवर लावा, चुकीची वस्तू आली की तिथेच एरर. 'पायडँटिक'ही आहे, पण तो नेमका काय करतो हे माहीत करून घेऊन मगच वापरा. त्याला 'इंट' सांगून "५००" ही स्ट्रिंग दिली तर तो तक्रार करत नाही, तिची संख्या करून पुढे देतो. कडक मोड मागितला तरच अडवतो. शिवाय तुम्ही लिहिलेली डिफॉल्ट किंमत तो एरवी तपासत नाही.

तुमच्या कामात हे सगळं प्रत्येक फंक्शनवर लावू नका. फाइल वाचली जाते त्या एका जागी हप्त्याची संख्या करा, होत नसेल तर ओळ क्रमांक दाखवून थांबा. खाते क्रमांकाची मात्र संख्या करू नका. सुरुवातीचं शून्य गळून पडेल आणि खातेदार काउंटरवर येऊन उभा राहील.

ताई, कराडहून लिहितोय. आमच्याकडे पीएचपी आहे. माझ्या सहकाऱ्याने आमच्या लायब्ररीच्या फाइलमध्ये सर्वांत वर 'स्ट्रिक्ट टाइप्स'ची ओळ लिहिली आणि सांगितलं, आता कोणी स्ट्रिंग पाठवूच शकणार नाही. पण दुसऱ्या फाइलमधून "४२" पाठवलं की आत बेचाळीस पोहोचतं. तो म्हणतो सर्व्हर जुना आहे. खरं काय?

सर्व्हर बिचारा निर्दोष आहे. ती ओळ ज्या फाइलमध्ये असते त्या फाइलमधून *केलेल्या* कॉलना ती लागू होते. फंक्शन कुठे लिहिलं आहे याला किंमत नाही, हाक कुठून मारली याला आहे. तुमच्या लायब्ररीतून इतर फंक्शनना गेलेले कॉल आता कडक झाले. बाहेरून लायब्ररीत येणारे कॉल, हाक मारणाऱ्याच्या फाइलमध्ये ती ओळ नसेल तर, पूर्वीसारखेच सैल. फंक्शन परत काय देतं याचा कडकपणा-सैलपणा मात्र फंक्शनच्या स्वतःच्या फाइलवर ठरतो. आणि तुमचं फंक्शन यादीतल्या प्रत्येक घटकावर फंक्शन चालवणाऱ्या 'अॅरे मॅप'सारख्या अंगभूत फंक्शनच्या हातात दिलंत, तर ते आतून जो कॉल करतं तो सैलच असतो, वर ओळ असो वा नसो.

हे उफराटं वाटतं खरं, पण त्यामागे मोठं भांडण आहे. पीएचपी ५ मध्ये २००४ पासून आर्ग्युमेंटला, म्हणजे फंक्शनला दिल्या जाणाऱ्या वस्तूला, क्लासचं नाव लिहिता येत होतं, 'इंट' किंवा 'स्ट्रिंग' नाही. कोणी 'इंट' लिहिलंच तर पीएचपी त्या नावाचा क्लास शोधायचा आणि 'इंटचा ऑब्जेक्ट हवा होता, इंटिजर मिळाला' असा एरर द्यायचा. तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मी चहा सांडला होता. साध्या टाइपची सोय करायची म्हटल्यावर दोन तट पडले. पीएचपीत फॉर्ममधून जे येतं ते स्ट्रिंगच असतं, तेव्हा "४२" चालायलाच हवं, असं एका तटाचं म्हणणं. दुसऱ्याचं म्हणणं, चालवून घ्यायचं असेल तर टाइप लिहायचा कशाला? अँड्रिया फॉल्ड्स यांनी दोन्ही मोड ठेवण्याचा प्रस्ताव मांडला आणि पुढे मागे घेतला. अँथनी फेरारा यांनी तो उचलून धरला, २०१५ च्या मार्चमध्ये मतदानात तो मंजूर झाला आणि डिसेंबरात पीएचपी ७ बरोबर लोकांच्या हातात पडला. लायब्ररी लिहिणाऱ्याने आपला कडकपणा वापरणाऱ्यावर लादू नये, हा त्यातला मधला रस्ता.

मला हा निर्णय आवडतो, असं म्हटलं तर तुमचा सहकारी रागावेल. पण विचार करा. सैल मोडमध्येही तुमच्या फंक्शनच्या *आत* 'इंट'च पोहोचतो. "४२" आलं तर त्याचा बेचाळीस होऊन येतो, "कराड" आलं तर टाइपएरर. म्हणजे फंक्शन लिहिणाऱ्याला जी हमी हवी ती मिळालीच. स्ट्रिंग पाठवणं गबाळेपणाचं आहे की नाही, हे पाठवणाऱ्याने आपल्या फाइलपुरतं ठरवावं.

सैल मोडमधली एक जागा मात्र खरोखर वाईट होती. 'इंट'च्या जागी १.५ दिलं तर पीएचपी ७ निमूटपणे १ करायचा. ८.१ पासून त्याबद्दल निदान इशारा मिळतो. सर्व्हर त्याहून जुना असेल, तर सहकाऱ्याच्या म्हणण्यात तेवढंच तथ्य.

मॅडम, मॅटलॅबमध्ये 'आर्ग्युमेंट्स' ब्लॉक लिहून एका इनपुटला 'डबल' म्हटलं. चुकून अवतरणात '५' दिलं, तर एरर नाही आणि आत ५३! मॅटलॅब बिघडलं का?

नाही. अवतरणातला इंग्रजी पाच म्हणजे कॅरेक्टर, त्याचा कोड ५३. त्या ब्लॉकमध्ये क्लासचं नाव लिहिलं की मॅटलॅब आधी रूपांतर करून बघतो आणि ते जमलं नाही तरच ओरडतो. आकाराचंही तेच: एक बाय तीन मागितलंत आणि एकच ५ दिला, तर आत तीन पाच पोहोचतात. उभा कॉलम मागितलात आणि आडवी ओळ दिली, तर ती उभी करून मिळते.

२०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा ब्लॉक आला तेव्हा मी चाकणच्या एका कारखान्यात मॅटलॅबवरच पोट भरत होते. त्याआधी प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर 'नार्गिन', म्हणजे दिलेली इनपुट, किती, रिकामं आहे का, कॅरेक्टर आहे का अशी इफची शिडी असायची, आणि कामाचं सूत्र कुठेतरी तळाला दोन ओळींत. त्यामुळे ब्लॉक आल्याचा आनंद खरा होता. फक्त तो तपासतो त्याहून जास्त दुरुस्त करतो, हे ध्यानात ठेवा. रूपांतर नको असेल तर क्लासचं नाव गाळा आणि महिरपी कंसात 'मस्ट बी न्यूमरिक' लिहा. तो काही बदलत नाही, फक्त अडवतो.

ताई, मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून मराठी कीवर्डची छोटी भाषा करतोय: 'जर', 'नाहीतर', 'काम'. सगळं डायनॅमिक आहे. आता आर्ग्युमेंटच्या नावापुढे हवं तर 'संख्या' किंवा 'यादी' लिहिता यावं असं करायचंय. सर विचारतात, वेळ किती खाईल? यादीच्या आतले घटकही तपासू का? फंक्शनच आर्ग्युमेंट म्हणून आलं तर? आणि तपासणी बंद करायचा स्विच द्यावा का?

तुझे चारही प्रश्न बरोबर आहेत, पण त्याआधीचा पाचवा तू विचारला नाहीस: जुळलं नाही तर थांबायचं की जुळवून घ्यायचं? वरची तिन्ही पत्रं वाच. तिन्हीत माणसाला वाटलं होतं की भाषा अडवेल. एकीने दुर्लक्ष केलं आणि दोघींनी परस्पर दुरुस्ती केली. तुझ्या भाषेत 'संख्या' लिहिलं तर फक्त अडव. रूपांतर द्यायचंच असेल तर त्याला वेगळा कीवर्ड दे, म्हणजे वाचणाऱ्याला दिसेल की इथे वस्तू बदलते आहे. तू मराठी कीवर्डची भाषा करतोयस म्हणून एक खास गोष्ट सांगते. पायथनच्या 'इंट'ला देवनागरी "५००" दिलं तर तो पाचशे देतो. एक आकडा देवनागरी आणि दोन इंग्रजी असले तरी देतो. जावाही देवनागरी आकडे वाचतो. जावास्क्रिप्टमध्ये मात्र 'नॅन', म्हणजे 'ही संख्या नाही' अशी खूण, येतो आणि पीएचपीला ती संख्याच वाटत नाही. तुझा इंटरप्रिटर पायथनमध्ये असेल तर ही सोय तुला फुकट मिळेल. पण ओळखायला 'इज-डिजिट' वापरू नकोस, वर्ग दाखवणाऱ्या छोट्या २ लाही तो होकार देतो आणि मग 'इंट' त्यावर आपटतो. 'इज-डेसिमल' वापर.

'संख्या' हा तुझ्या व्याकरणात खास शब्द करू नकोस. कोलननंतर कोणत्याही फंक्शनचं नाव चालू दे, जे वस्तू घेऊन खरं किंवा खोटं सांगतं. मग 'संख्या', 'धन', 'सम' हे सगळे एकाच यंत्रणेत बसतात आणि वापरणारा 'पिनकोड' स्वतः लिहू शकतो. मॅटलॅबचे व्हॅलिडेटरही साधी फंक्शनंच आहेत. हे फंक्शन लिहिताना अट होकारार्थी ठेव. 'शून्यापेक्षा लहान असेल तर अडव' असं लिहिलंस तर नॅन आरामात आत जातो, कारण त्याच्याशी केलेली लहान-मोठेपणाची कोणतीही तुलना खोटीच येते. 'शून्य किंवा त्याहून मोठा असेल तरच सोड' असं लिहिलंस तर तो दारात अडतो. पायथनमध्ये 'ट्रू' हाही 'इंट'च मोजला जातो, तेव्हा 'संख्या' लिहिताना त्याला वेगळं काढ.

आता वेळ. ज्या फंक्शनवर काहीच लिहिलेलं नाही त्याला काहीच भुर्दंड पडता कामा नये. फंक्शन तयार होतानाच 'तपासायचं आहे का' अशी एक खूण ठेव. जिथे लिहिलं आहे तिथे एका वस्तूचा टाइप बघणं ही किरकोळ गोष्ट आहे. पण यादी आली की हिशेब फिरतो. समज, तू बायनरी सर्च, म्हणजे दर वेळी निम्मी यादी गाळत जाणारा शोध, लिहिलास आणि आर्ग्युमेंटपुढे लिहिलंस 'क्रमाने लावलेली यादी'. दहा लाख घटकांत शोध साधारण वीस तुलनांत संपतो. यादी क्रमाने आहे की नाही हे तपासायला जवळजवळ दहा लाख तुलना. पहारेकऱ्याचा पगार मालकाच्या उत्पन्नापेक्षा पन्नास हजार पट! सरांना हेच उदाहरण दे. एरवी वरवर बघ: यादी आहे ना, बस. बेअरटाइपची युक्ती मला आवडते. तो लांब यादीतला एखादाच घटक यदृच्छया उचलून बघतो. एका कॉलमध्ये चूक सुटेल, पण तेच फंक्शन हजारदा चाललं की सापडण्याची शक्यता चांगली.

फंक्शनच आर्ग्युमेंट म्हणून आलं तर ते दारात तपासताच येत नाही. 'संख्या घेऊन संख्या देणारं फंक्शन' हे त्याला चालवल्याशिवाय कळणार कसं? रॉबर्ट फाइंडलर आणि माथियास फेलाइझन यांनी २००२ मध्ये यावर तोडगा मांडला. आलेल्या फंक्शनभोवती एक वेष्टन घालायचं, आणि पुढे ते जेव्हा जेव्हा चालेल तेव्हा आत जाणारी आणि बाहेर येणारी वस्तू तपासायची. त्यातला खरा कस आहे दोष कुणाचा हे ठरवण्यात. त्या फंक्शनला आपण संख्या न देता स्ट्रिंग दिली तर दोष आपला, आणि संख्या देऊनही त्याने स्ट्रिंग परत केली तर ते पाठवणाऱ्याचा. म्हणून वेष्टनाला दोन्ही पक्षांची नावं लक्षात ठेवावी लागतात. रॅकेट भाषेत हे सगळं प्रत्यक्षात आहे. पण २०१६ मध्ये आसुमु ताकिकावा आणि सहकाऱ्यांनी टाइप लिहिलेली आणि न लिहिलेली मॉड्यूल्स मिसळून तिथे मोजमाप केलं, तेव्हा काही मिश्रणांत प्रोग्रॅम शंभर पटीहून हळू झाला. तू हे करू नकोस. आलेली वस्तू चालवता येते का एवढंच बघ आणि अहवालात 'मर्यादा' या मथळ्याखाली मघाचं सगळं लिही. परीक्षक त्याच पानावर थांबतील.

स्विच देऊ नकोस. पायथनमध्ये 'असर्ट' आहे, आणि प्रोग्रॅम 'ओ' हा पर्याय देऊन चालवला की सगळे असर्ट गायब होतात. प्रोग्रॅमरने स्वतःच्या तर्काची खात्री करण्यासाठी ते ठीक आहे. पण लोक त्यानेच बाहेरून आलेली माहिती तपासतात, आणि जिथे ती माहिती खरोखर येते नेमक्या त्या सर्व्हरवर पहारा उठतो.

उरलेला सगळा वेळ एररच्या वाक्यावर घाल. 'चुकीचं आर्ग्युमेंट' असं छापलंस तर तुझ्या प्रोजेक्टला माझ्याकडून शून्य. कॉल जिथून झाला ती ओळ दाखव, फंक्शनच्या आतली नको. आर्ग्युमेंटचं नाव, काय हवं होतं, काय आलं. आलेली वस्तू स्ट्रिंग असेल तर अवतरणचिन्हांसकट छाप. सोलापूरच्या ताईंना "५००" असं अवतरणात दिसलं असतं तर त्यांनी मला पत्र लिहिलंच नसतं.

ताई, माझ्या फंक्शनला लांबी आणि रुंदी लागते. दोन्ही फ्लोट, म्हणजे दशांश संख्या. लोक उलटसुलट देतात. कुठला टाइप लिहू? – नाशिकचा वाचक

कुठलाच उपयोगी पडणार नाही, दोन्ही फ्लोट आहेत. पायथन ३ मध्ये आर्ग्युमेंटच्या यादीत सुरुवातीलाच एक एकटी चांदणी टाका. मग तिच्यापुढची आर्ग्युमेंट्स नाव लिहूनच द्यावी लागतात, नाहीतर टाइपएरर. हा पहारा पायथन स्वतः देतो, कुठलीही लायब्ररी लागत नाही. जुने कॉल सगळे मोडतील, ते मात्र एकेक करून दुरुस्त करावे लागतील. तेव्हाच कळेल आजवर किती जणांनी उलटं दिलं होतं.